शेवटच्या पानावरचा तक्ता

९ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच घातला असं समज.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून बसून समोरच्याला थांबवायची तुला सवय लागली आहे. निवृत्त झालीस तरी ती गेलेली नाही.

बातमी अशी, की माझ्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेपरचे बारा हजार सायटेशन झाले. सोप्या भाषेत सांगतो. जगात कुठल्याही शास्त्रज्ञाने आपल्या लेखात 'अमक्याने असं दाखवून दिलं आहे' म्हणून माझा हवाला दिला, की माझ्या नावावर एक जमा. असे बारा हजार. आमच्या अख्ख्या इमारतीचे मिळून तेवढे होत नाहीत. वरच्या मजल्यावरचा तो किडनीवाला, लिफ्ट अडकली तेव्हा तुला विनोद सांगत बसला होता तो, जन्मभर राबून अजून हजाराच्या आत आहे. हल्ली मी लिफ्टपाशी दिसलो की जिन्याने जातो.

२० मार्चला संस्थेच्या मोठ्या सभागृहात मला सुवर्णपदक देणार आहेत. समिती माझ्यावर पुस्तिका काढतेय, त्यांना लहानपणचा एक फोटो हवा आहे. आईचे सगळे अल्बम तूच उचलून नेलेस, तेव्हा बघून पाठव. शक्यतो मी हुशार दिसेन असा. आणि तू आणि भाऊजी, दोघांनी यायचंय. पहिल्या रांगेत बसवतो. भाऊजींना सांग, त्या दिवशी तरी पोहण्याच्या तलावावरून ओल्या केसांनी सरळ येऊ नका.

तुझा,
छोटू


२४ जानेवारी

चि. छोटूस,

आशीर्वाद. साठी ओलांडलेल्या माणसाला 'चि.' लिहिताना कोणाचाही हात अडखळला असता. माझा अडखळला नाही, कारण तुझं पत्र नुकतंच वाचलं होतं.

बारा हजार. छान. तुझं लहानपण आठवलं. तू गोट्या कधी खेळला नाहीस. ओंजळीत घेऊन नुसत्या मोजायचास, आणि कोणी हात लावला की भोकाड पसरून आईकडे जायचास. फोटो शोधते. हुशार दिसणारा सापडेल याची हमी देत नाही. शेंबूड नसलेला चालेल का ते कळव.

हवाल्यांचं मला शिकवू नकोस. कोर्टात वकील रोज जुन्या निकालांचे हवाले द्यायचे. छापील निकालाच्या डोक्यावर चार ओळींचा सारांश असतो. तेवढाच वाचून यायचे आणि टेबलावर पुस्तक आपटायचे. मी एकच विचारायची, "वकीलसाहेब, शेवटचं पान वाचलंत का?" निम्मे तिथेच घाम पुसायला लागायचे. तुमच्या धंद्यात हा प्रश्न विचारायला कोणी बसवलेलं दिसत नाही, म्हणून तुझे बारा हजार झाले.

आता कामाचं. तुझ्या भाऊजींच्या रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा चढलेला निघाला. मग सुईने तुकडे काढून तपासले. कॅन्सर आहे. गाठ बारीक आहे, आणि रिपोर्टमध्ये ती सौम्य, हळू वाढणारी असल्याचं लिहिलंय. यांना त्रास काहीच नाही. रोज सकाळी पोहायला जातात, आल्यावर ओली चड्डी दोरीवर टाकतात आणि माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतात.

सर्जन म्हणतात, ग्रंथी काढून टाकायची. ५ एप्रिलची तारीख दिली आहे. मी विचारलं, एवढीशी गाठ असली तरी? तर त्यांनी तुझा पेपर काढला. "काढली तर माणूस जास्त जगतो, हे सिद्ध झालंय मॅडम." मी तुझी बहीण म्हटल्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. तुझ्यामुळे मला कोणी मान देण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, कोणाचा परत येतो, कोणाचा कधीच येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते मात्र परत खाली बसल्यावर, घड्याळाकडे बघत.

माझा प्रश्न एका ओळीचा आहे. काढायची की नाही?

ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,

भाऊजींचं वाचून वाईट वाटलं. तू खंबीर आहेस, निभावून नेशील.

तुझ्या प्रश्नाबद्दल म्हणशील तर मी डॉक्टर नाही, संशोधक आहे. माझं आयुष्य काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक यांत गेलं. पेशंटला मी कधी हात लावलेला नाही. एखाद्या पेशंटविषयी मत देणं आमच्या शिस्तीत बसत नाही, मग तो पेशंट घरचा का असेना. सर्जन जाणकार वाटतो. त्याच्यावर विश्वास ठेवा.

इथे नुसती धांदल आहे. पुस्तिकेसाठी फोटोग्राफर आला होता. त्याने मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. दिवा बंद होता, आतमध्ये काळोख, तरी म्हणाला, "सर, काहीतरी सापडल्यासारखा चेहरा करा." केला. फोटो झकास आलाय. समितीतला एक जण सुचवत होता की पुस्तिकेत माझ्या बाकीच्या कामाबद्दलही लिहावं. दुसऱ्याने विचारलं, "बाकीचं कुठलं?" मूर्खांचा बाजार आहे नुसता.

शेंबूड नसलेला चालेल. लवकर पाठव, छापखाना थांबलाय.

छोटू


१९ फेब्रुवारी

चि. छोटूस,

मी तुला एका ओळीचा प्रश्न विचारला होता. तू पानभर कानांवर हात ठेवलेस.

म्हणून तुझा पेपर मीच वाचला. पुरा. शेजारणीची मुलगी डॉक्टर आहे, तिने छापून दिला आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ सांगितले. सुरुवातीच्या सारांशात लिहिलंय की ग्रंथी काढलेले पुरुष न काढलेल्यांपेक्षा जास्त जगले. मग मी सवयीने शेवटचं पान उघडलं. तिथे एक तक्ता आहे. त्यात मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या गाठी एका ओळीत आहेत आणि बारीक, सौम्य गाठी दुसऱ्या ओळीत. मोठ्या गाठींत काढलेले जास्त जगले. बारीक गाठींत दोन्हीकडचे सारखेच जगले. फरक एवढाच, की काढलेल्यांपैकी बरेच जण उरलेलं आयुष्य डायपर बांधून जगले.

म्हणजे तुझा पेपर सांगतो की तुझ्या भाऊजींना हात लावू नका, नुसतं लक्ष ठेवा. आणि सर्जन तोच पेपर नाचवत हात लावायला निघालेत. मुलीला विचारलं, बाकीचेही असंच सांगतात का? ती म्हणाली, "मावशी, आम्हाला परीक्षेला तो सारांशच होता."

आता साक्षीदाराने उत्तर द्यावं. सारांशात ही ओळ का नाही? आणि लोक तुझ्या नावावर उलटं सांगत फिरताहेत हे तुला कधीपासून माहीत आहे? 'आठवत नाही' हे उत्तर मी कोणाकडूनच घेतलेलं नाही.

मी यांना तक्ता दाखवला. हे म्हणाले, "तू न्यायाधीश आहेस, डॉक्टर नाहीस. असं असतं तर तुझा भाऊच बोलला असता. तो मला उगाच कापू देईल का?" मग तुझं पत्र मागून घेऊन परत वाचलं. म्हणाले, "बघ, किती जपून लिहिलंय. प्रकरण गंभीर असणार. मला घाबरवायचं नाही म्हणून गप्प बसलाय बिचारा." तू मूग गिळून बसलास, त्यात यांना माया दिसली.

माझं हे ऐकत नाहीत, तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. ही त्यांची चूक आहे, पण तिचा आज उपयोग करून घेऊ. तुझ्या हाताने दोन ओळी यांना लिही. 'तुमची गाठ बारीक आहे. ऑपरेशनची गरज नाही.' बस.

ताई


२ मार्च

ती. ताईस,

तू वाचलंस ते बरोबर आहे. तक्ता तसाच आहे.

सारांशात ती ओळ होती. मासिकवाल्यांनी शब्द कमी करायला सांगितले. कुठलं तरी वाक्य उडवायचं होतं, शेवटचं उडवलं. तक्त्यात आहेच, लोक वाचतील असं वाटलं. लोक वाचत नाहीत हे पहिल्या वर्षातच कळलं. तेव्हा दुरुस्ती पाठवायचं मनात आलं होतं. पण हवाले धडाधड वाढत होते, बढती तोंडावर होती. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आणखी वाढले. लोक आपल्याला मोठं म्हणत असताना मध्येच हात वर करून 'थांबा, माझं ऐका' म्हणणं तुला वाटतं तेवढं सोपं नसतं.

ताई, निम्म्याहून जास्त हवाले त्या सारांशावर उभे आहेत. आत्ता मी भाऊजींना लिहिलं की ते सरळ सर्जनला दाखवणार, सर्जन चार जणांना फोन करणार, आणि समिती पदक पेटीत घालून परत नेणार. किडनीवाला तर टपूनच बसलाय. २० मार्च होऊ दे. २१ला भाऊजींना, सर्जनला, मासिकाला, तिघांनाही लिहितो. ऑपरेशन ५ एप्रिलला आहे. भरपूर वेळ आहे.

तोवर त्यांना शांत ठेव. पुन्हा रक्त द्यायचं झालं तर आधीचे एक-दोन दिवस सायकल चालवू देऊ नकोस, आकडा उगाच चढतो. एमआरआय सांगितला तर कानात घालायला बोळे मागून घ्या म्हणावं, ती ठोकाठोक नंतर बराच वेळ डोक्यातून जात नाही. आणि पायमोजे घालून जायला सांग. त्या बोगद्यात पाय फार गार पडतात. रिपोर्ट यायच्या आधी जेवण जात नाही, त्याचं टेन्शन घेऊ नकोस. दुसऱ्या वर्षापासून सवय होते.

छोटू


९ मार्च

चि. छोटूस,

पायमोजे. तुझ्या सगळ्या पत्रांत हा एकच शब्द मला खरा वाटला.

पेशंटला कधी हात न लावलेल्या माणसाला बोगद्यात पाय गार पडतात हे कसं कळलं? ठोकाठोक डोक्यातून जात नाही, हे कुठल्या काचपट्टीवर दिसलं? दुसऱ्या वर्षापासून सवय होते म्हणतोस, ती कोणाला झाली?

छोटू, तुलाही आहे. अशीच बारीक गाठ. आणि तू काढलेली नाहीस. तपासण्या करत, लक्ष ठेवत बसला आहेस, तुझ्या त्या तक्त्यातल्या ओळीवर भरवसा ठेवून.

मला आधी रडू आलं. एवढं अंगावर घेऊन तू एकटा फिरतोस आणि मला पत्ता नाही, याचं रडू आलं. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. म्हणजे तुझा पेपर नीट वाचलेला माणूस या जगात आहे, आणि तो तूच आहेस. स्वतःसाठी शेवटचं पान ठेवलंस आणि आमच्या हातात सारांश दिलास. मी पुष्कळ लबाड माणसं समोर उभी केली. पण आपल्याला औषध लागू पडलेलं असताना तेच बहिणीच्या नवऱ्यापासून लपवणारा मला कोर्टातही भेटला नव्हता. आणि हे कशासाठी, तर गळ्यात एक बिल्ला लटकवायला. शाळेत मिळायचे तसा.

आता नीट वाच. सर्जन एप्रिलमध्ये परिषदेला चाललेत, तिथे तुझ्याच पेपरवर बोलणार आहेत. म्हणून यांची तारीख अलीकडे घेतली. आता ऑपरेशन १९ मार्चला आहे, तुझ्या पदकाच्या आदल्या दिवशी. यांनी सही केली. मी फोन करते तर तुझी सेक्रेटरी सांगते, "सर भाषणाची तालीम करताहेत." मी स्वतः आले असते, पण ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना यांना रोज घेऊन जावं लागतं.

तुझा कागद घराबाहेर जाणार नाही. यांच्याकडून तसं वचन घेते, सर्जनला काही कळणार नाही. तुझं पदक सुखरूप राहील. १८ तारखेच्या आत दोन ओळी पाठव. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हे मागते आहे.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,

तुझं पत्र १२ तारखेलाच आलं होतं. अक्षर ओळखलं आणि न उघडता कोटाच्या खिशात ठेवलं. शिव्याच असणार असं वाटलं. त्या खायच्याच होत्या, पण २१ तारखेला. पदक घेताना ते खिशातच होतं. काल सकाळी उघडलं. '१९ मार्च' वाचलं आणि तसाच फोनकडे धावलो. तेव्हापासून फोन करतोय, कोणी उचलत नाही.

हो, मला आहे. चार वर्षं झाली. बायकोलाही सांगितलेलं नाही. ती म्हणाली असती, तुझाच पेपर सांगतो ना काढायला, मग काढ. तिला काय उत्तर देणार होतो?

समारंभ झाला. सभागृह भरलेलं होतं. किडनीवाल्याने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. त्याच्याबद्दल मी काय काय बोलत आलो. अध्यक्षांनी भाषणात माझा सारांश वाचून दाखवला आणि मी मान डोलावली.

भाऊजींसाठीच्या दोन ओळी सोबत आहेत, तू सांगितल्यास तशाच. मासिकालाही दुरुस्ती पाठवली. ऑपरेशन पुढे गेलं असेल ना? सर्जन लोकांच्या तारखा नेहमी पुढे जातात. गेलीच असेल. कळव.

छोटू


१८ एप्रिल

चि. छोटूस,

तारीख पुढे गेली नाही. सर्जन वक्तशीर आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा हे हॉस्पिटलच्या खाटेवर होते, नळी लावलेली. काढलेली ग्रंथी तपासून तिचा रिपोर्ट आला आहे. गाठ मोहरीच्या दाण्याएवढी होती, सौम्य, कुठेही पसरलेली नव्हती आणि पसरायच्या बेतातही नव्हती. तुझा तक्ता अचूक निघाला. अभिनंदन.

नळी निघाली. ताबा आलेला नाही. सर्जन म्हणतात, धीर धरा. दोरीवर आता पोहण्याची चड्डी नसते. तिच्या जागी काय वाळत असतं ते लिहीत नाही. तलावावरचे मित्र चौकशीला आले तर यांनी सांगितलं, पाणी हल्ली गार असतं, मला सोसत नाही. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

तुझ्या दोन ओळी माझ्या कपाटात आहेत. यांना दाखवल्या नाहीत. ग्रंथी परत बसवता येत नाही, आणि आपण उगाच हे भोगतोय हे कळलं तर त्यांना हे दिवसही काढता येणार नाहीत. "छोटूने काय लिहिलंय?" असं विचारतात, मी म्हणते, खुशाली. खोट्या साक्षीसाठी मी माणसं तुरुंगात पाठवली आहेत. आता घरात रोज खोटं बोलते आणि ते मला सराईतासारखं जमतं. घराण्याचाच गुण असावा.

मासिकाला दुरुस्ती पाठवली म्हणतोस. तिची प्रत मला पाठव. तोवर ती पाठवलेली नाही असं मी धरून चालते.

आणखी एक. सर्जन त्यांच्या ऑपरेशनांवर लेख लिहिताहेत. यांची केस त्यात घेतली आहे. मला कौतुकाने कच्चा मसुदा दाखवला, पहिलाच हवाला तुझा आहे. तेव्हा तुझ्या बारा हजारांत एकाची भर पडेल. मोजशील तेव्हा ओळख, ती आमच्या घरातली आहे.

फोटो पाठवते. आता छापायला उपयोग नाही, तुझ्यापाशी ठेव. ओंजळीत गोट्या घेऊन उभा आहेस. शेंबूड आहे, दुसरा सापडला नाही.

तपासण्या चुकवू नकोस. पायमोजे घालून जात जा. आणि बायकोला सांग.

यांनी तुझ्यासाठी चिठ्ठी दिली आहे, तीही सोबत आहे. वाचून पाहिली, एक अक्षर बदललेलं नाही.

ताई


प्रिय प्रोफेसर,

पदकाच्या समारंभाला येता आलं नाही, राग मानू नकोस. तुझी ताई म्हणते सभागृह भरलं होतं. भरणारच.

माझं ऑपरेशन छान झालं. सर्जन म्हणाले, वेळेत काढलं म्हणून निभावलं. तू तेव्हा काही बोलला नाहीस, पण का बोलला नाहीस ते मला कळत होतं. ताईला नाही कळलं. ती तुझ्यावर अजून धुमसतेय, मी तिची समजूत घालतोय. तू मनाला लावून घेऊ नकोस, तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

पोहणं तूर्त बंद आहे. हरकत नाही, जीव वाचला हे काय कमी आहे? आणि तो तुझ्या पेपरमुळे वाचला. तलावावरच्या एका मित्राचाही आकडा चढलाय, डॉक्टर त्याला म्हणतात नुसतं लक्ष ठेवू. मी त्याला ठणकावून सांगितलं, वाट बघत बसू नकोस, माझ्या मेव्हण्याने सिद्ध केलंय. तो पुढच्या आठवड्यात आमच्या सर्जनकडे जातोय.

तुझा,
भाऊजी